छपरावरची वीज आणि खालचे कागद

या खेपेला पत्रांचा सगळा गठ्ठा घरगुती सौरवीज आणि तिच्या परवानग्या यांच्याबद्दल निघाला. वाचताना एक गोष्ट ठळक जाणवली. पॅनल कुठल्या कंपनीचे घ्यावे यावर लोक महिनाभर डोके खपवतात आणि वीजबिलावर नाव कुणाचे आहे ते बघायला विसरतात. काम बहुतेक वेळा अडते ते या दुसऱ्या ठिकाणी.

घराच्या स्लॅबवर ३ किलोवॅटचे पॅनल बसवायचे आहेत. पंचायतीचा परवाना लागतो का? विक्रेता म्हणतो काहीच लागत नाही. सचिव म्हणतात, अर्ज करा. कुणाचे खरे मानायचे?
— एक वाचक, डिचोली

दोघांचेही अर्धे-अर्धे खरे आहे. विजेची परवानगी वेगळी आणि सांगाड्याची वेगळी.

विजेच्या बाजूचे सगळे वीज खात्याकडे. अर्ज केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ पोर्टलवरून होतो. नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर. त्याचे नियम गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाचे आहेत, २०१९ सालचे. या वाटेवर पंचायतीचा परवाना कुणी मागत नाही, म्हणून विक्रेता तसे म्हणतो.

पंचायतीचा संबंध येतो तो बांधकामाशी. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ खाली बांधकामाला परवाना लागतो. आता पॅनल स्लॅबपासून हात-दीड हात उंचीवर बसवले तर त्याला कुणी बांधकाम म्हणायला जात नाही. पण बरेच लोक ‘खाली कपडे वाळत घालता येतील, पावसात गच्ची कोरडी राहील’ म्हणून आठ-आठ फुटी खांब उभे करतात, पॅनलच्या फटींत पत्रे घालतात आणि दोन बाजू बंद करतात. मग तो सांगाडा राहत नाही, चढवलेला मजला दिसतो. शेजाऱ्याने तक्रार केली की गटविकास कार्यालयाची पाहणी येते आणि ‘सौर’ हा शब्द तिथे कामाला येत नाही. उंच सांगाडा हवाच असेल तर रीतसर परवाना आधी घ्या.

बुटका सांगाडा असेल तरी सचिवांना माहितीचे पत्र द्या, असेच आम्ही सुचवू. पत्रासोबत चार कागद पुरतात: घर क्रमांक असलेली घरपट्टीची पावती, गच्चीचा हाताने काढलेला पण मापे घातलेला नकाशा, सांगाड्याची कमाल उंची आणि घर जुने असेल तर स्ट्रक्चरल अभियंत्याचा दाखला. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. आणि घरपट्टी भरता म्हणून घर कायदेशीर ठरत नाही. पॅनल नेमके त्या विनापरवाना वाढवलेल्या खोलीवरच बसवू नका. खोली पाडायची वेळ आली तर पॅनलही उतरतील.

पणजीत, विशेषतः फोंताइन्यससारख्या जतन केलेल्या वाड्यात, रस्त्यावरून दिसणाऱ्या कौलांवर काही चढवण्याआधी महापालिकेला विचारलेलेच बरे. मागच्या उताराला किंवा आतल्या चौकाकडच्या छपराला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण उत्तर लेखी घ्या.

वीजबिल अजून आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन बावीस वर्षे झाली. इन्व्हेंटरी (वारसांतली मालमत्तेची वाटणी) कोर्टात आहे. सबसिडी मिळेल का?
— वाळपईहून

आजोबांच्या नावाने अर्ज केलात तर नाही. सबसिडी थेट अर्जदाराच्या बँक खात्यात येते आणि बिलावरचे नाव, ओळखपत्रावरचे नाव व खात्यावरचे नाव एकच असावे लागते. वारसाने आजोबांच्या ग्राहक क्रमांकावर नोंदणी केली, पॅनलही बसले, नेट मीटरही लागला आणि सबसिडीचे ७८ हजार रुपये तेवढे अडकून पडले, हे अगदी सहज होते. तेव्हा आधी नावबदल, मग पोर्टल.

इन्व्हेंटरी संपायची वाट बघावी लागेलच असे नाही. जोडणीचे नाव बदलले म्हणजे मालकी बदलली असे होत नाही. बिल कुणी भरायचे एवढेच त्यातून ठरते. तुमच्या उपविभागीय कार्यालयात नावबदलाचा अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, घराचा किंवा वारसाचा कागद आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. थकबाकी असेल तर ती आधी भरावी लागते. अनामत रकमेची जुनी पावती सापडली तर तीही लावा.

ना हरकत घेताना एक गोष्ट बाहेरून आलेल्या विक्रेत्याला ठाऊक नसते. आपल्याकडच्या नागरी संहितेप्रमाणे वेगळा करार नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी असतात. म्हणून मुंबईच्या काकांच्या सहीबरोबर काकूंचीही सही घ्या. काका नसतील तर काकू आणि मुले, दोघांचीही. ना हरकतीत ‘वीजजोडणी माझ्या पुतण्याच्या नावे करण्यास आणि छपरावर सौर पॅनल बसवण्यास’ अशी दोन्ही कामे लिहून घ्या, म्हणजे तोच कागद पुढे सांगाड्यालाही उपयोगी पडतो. शेवटी ‘यामुळे घरातील कुणाच्याही हिश्शाला बाध येत नाही’ हे वाक्य घाला. सही द्यायला कां-कूं करणारे नातेवाईक या वाक्याने बरेच निवळतात.

मग स्पेलिंग. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या स्पेलिंगांनी गोव्यात फार छळले आहे. बिलावर प्रभूंचे ‘पोरोबो’, आधारवर ‘प्रभू’. शेटकरांचे स्पेलिंग एकीकडे ‘एस’ने सुरू होते, दुसरीकडे ‘एक्स’ने. नाईकांच्या शेवटी कुठे ‘के’, कुठे ‘क्यूयूई’. माणसाला हे कळते, संगणकाला कळत नाही. नावबदलाचा अर्ज देतानाच आधार आणि पासबुक समोर ठेवून अक्षर न् अक्षर तेच लिहा. पुढचे पहिले बिल हातात आल्यावर ताडून बघा आणि मगच पोर्टलवर नोंदणी करा.

मुंडकारांनीही, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणाऱ्यांनीही, विचारले आहे. घोषित मुंडकार असाल आणि जोडणी तुमच्या नावावर असेल तर वीज खात्याच्या बाजूने अडचण कमी. घर विकत घेण्याचा आदेश मामलेदारांकडून आधीच मिळालेला असेल तर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, सहीचा प्रश्नच उरत नाही. दावा अजून चालू असेल तर मात्र पंचायतीत हरकत येऊ शकते. अशा वेळी बुटका सांगाडा, आहे त्याच छपरावर, एवढेच करा.

महिन्याला सरासरी २८० युनिट लागतात. किती किलोवॅट बसवावे? विक्रेता ५ सांगतो. अर्जापासून सबसिडीपर्यंतचा क्रम काय?
— म्हापसा

तुम्हाला ३ पुरे. गोव्यात १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देते. एप्रिलमध्ये जास्त, जुलैत निम्म्यावरही येते. ३ किलोवॅट म्हणजे महिन्याला साधारण ३३० ते ३६० युनिट.

सबसिडीचा हिशेबही तिथेच थांबतो: पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. पुढे ५ बसवा की १०, रक्कम ७८ हजारच. त्यात आपल्याकडचा घरगुती वीजदर इतर बऱ्याच राज्यांपेक्षा कमी, त्यामुळे जादा पॅनलचे पैसे वसूल व्हायला वेळ लागतो. वर्षभरात घरात एसी किंवा विजेची गाडी येणार असेल तरच वर जा. नाहीतर ५ किलोवॅटचा आग्रह विक्रेत्याच्या फायद्याचा आहे. केंद्राची ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

आता क्रम. पोर्टलवर ग्राहक क्रमांक, मोबाइल आणि बिल घालून नोंदणी. अर्ज. वीज खात्याची तांत्रिक मंजुरी. मग विक्रेत्याची निवड, पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतूनच. करार. उभारणी. पॅनलचे अनुक्रमांक आणि फोटो पोर्टलवर चढवणे. वीज खात्याची पाहणी आणि नेट मीटर. कार्यान्वयनाचा अहवाल. शेवटी बँक तपशील आणि सबसिडी.

यात दोन ठिकाणी ठेच लागते. २०२४ च्या सुधारित केंद्रीय नियमांप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक अभ्यासाची गरज नाही, तो मंजूर धरायचा असतो. मंजूर भार वाढवावा लागला तर तोही त्यातच धरायचा आणि ५ किलोवॅटपर्यंत यंत्रणा बळकट करण्याचा खर्च खात्याचा. अर्ज उपविभागात पडून राहिला तर हा नियम दाखवून नम्रपणे लेखी विचारा. तोंडी चकरा मारून उपयोग होत नाही. मात्र वाढलेल्या भारावर स्थिर आकार वाढतो आणि तो सौरवीज असली तरी दर महिन्याला भरावाच लागतो, हे आधीच लक्षात घ्या.

दुसरी ठेच पॅनलची. सबसिडीसाठी पॅनल भारतीय सेलपासून भारतातच बनलेले हवे. विक्रेते त्याला ‘डीसीआर’ पॅनल म्हणतात आणि ते महाग असते. ‘भारतात बनलेले’ एवढेच दरपत्रकात लिहिले असेल तर पुरत नाही, कारण आयात सेल आणून इथे जोडलेले पॅनलही तसेच म्हणवते. दरपत्रकात ‘डीसीआर’ हा शब्द, कंपनी, वॅट आणि नग लिहून घ्या. ५४० वॅटचे सहा पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॅट. जागा साधारण ३०० चौरस फूट, त्यात पुसायला जायची वाटही धरा. जीएसटीही तपासा: सप्टेंबर २०२५ पासून सौर सामानावर १२ ऐवजी ५ टक्के आहे आणि उभारणीसकट एकत्र कामावर तो साधारण ८.९ टक्के बसतो. अजून १३.८ टक्क्यांचे जुने दरपत्रक हातात ठेवले तर परत करा.

पॅनल लावून दीड महिना झाला, नेट मीटर अजून नाही. ‘वीज वाया कशाला घालवायची’ म्हणून विक्रेत्याने चालू करून दिले. बिल कमी व्हायचे तर वाढले!
— पेडणे

आजच बंद करा. इन्व्हर्टरचा (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राचा) एसी बाजूचा एमसीबी खाली पाडा आणि डीसी स्विचही बंद करा.

तुमचा जुना मीटर एकाच दिशेचा आहे. बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेने जाते ते बघत नाहीत, गेली एवढेच मोजतात. दुपारी घरात पंखा आणि फ्रिज चालू असतो, पॅनल अडीच किलोवॅट देत असते, उरलेले दोन-सव्वादोन बाहेर जातात आणि मीटर ते तुम्ही वापरले म्हणून लिहितो. खात्याला दिलेल्या विजेचे पैसे तुम्हीच भरता. वर खात्याच्या लेखी ही विनापरवाना जोडणी. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या दृष्टीनेही ती वाईटच.

गेलेले युनिट परत मिळवणे कठीण आहे. तरी इन्व्हर्टरच्या ॲपमधून रोजच्या निर्मितीची नोंद काढून ठेवा. पाहणीत अडकले असेल तर कारण लेखी मागा. सहसा त्रुटी ठरलेल्या असतात: अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे नाहीत (डीसी, एसी आणि तडितरक्षकाचा प्रत्येकी एक), वितरण पेटीत सर्ज संरक्षक नाही, परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल नाही किंवा पॅनलचे अनुक्रमांक पोर्टलशी जुळत नाहीत.

अर्थिंगवर थोडे अधिक. जांभ्या खडकाच्या जमिनीत खड्डा मारला की पावसाळ्यात अर्थिंग सुरेख येते आणि मार्च-एप्रिलमध्ये जमीन वाळली की रोध कितीतरी वाढतो. पाहणी पावसात झाली तर कुणाला कळतही नाही. रोध ५ ओहमच्या आत हवा आणि तो कोरड्या दिवसांत मोजलेला हवा. न्हाणीघराच्या किंवा माडाच्या आळ्याच्या ओलाव्याजवळ खड्डा घ्या. तेवढ्यानेही उतरला नाही तर केमिकल अर्थिंग.

नेट मीटर लागल्यावर बिल कसे वाचायचे, हेही याच पत्रात विचारले आहे. समजा महिन्यात पॅनलने ३३० युनिट केले. मीटरवर आयात २६० आणि निर्यात १९०. बिल लागते फक्त २६० वजा १९०, म्हणजे ७० युनिटांचे. घरातला खरा वापर मात्र ४००, कारण ३३० मधले १४० तुम्ही दिवसा परस्पर वापरले आणि ते मीटरपर्यंत पोहोचलेच नाहीत. ‘पॅनलने ३३० केले, मग निर्यात १९० च कशी?’ या प्रश्नाचे उत्तर हेच. निर्यात आयातीहून जास्त झाली तर शिल्लक पुढच्या महिन्यात जाते आणि आर्थिक वर्षअखेरीस तिचा हिशेब आयोगाने ठरवलेल्या दराने होतो.

रोज दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. स्क्रीनवर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ येते. विक्रेता म्हणतो खात्याचा दोष, लाईनमन म्हणतो तुमच्या यंत्राचा. ५ किलोवॅट, सिंगल फेज.
— सांगे

कुणाचा ते एका मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळते. भर दुपारी इन्व्हर्टर बंद करून मीटरपाशी दाब मोजा. मग चालू करून, तो पूर्ण भाराने चालत असताना, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा.

बंद असतानाच २५० च्या वर दिसला तर दोष खात्याकडे. घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ६ टक्के कमी-जास्त, म्हणजे २१६ ते २४४ च्या आत हवा. रात्री टोकाच्या घराला दाब पुरावा म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे दाब कमी-जास्त करायची पायरी, वर ठेवलेला असतो आणि दुपारी गावात वापर नसला की दाब चढतो. तारीख, वेळ आणि आकडे लिहून कनिष्ठ अभियंत्याला अर्ज द्या. टॅप एक पायरी खाली घेतला की बहुतेकदा भागते.

बंद असताना २३८ आणि चालू झाल्यावर २५५ दिसला तर दोष मधल्या तारेचा. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला खांबापेक्षा जास्त दाब धरावा लागतो आणि तार जितकी बारीक व लांब तितका जास्त. ५ किलोवॅट म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. खांबापासून घर ४० मीटर, तार ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची, तर जाऊन-येऊन १३ व्होल्ट तिथेच चढतात. तीच तार १६ ची केली की साडेतीनच्या खाली येतात. तार बदलण्याआधी न्यूट्रलचे सांधे बघा. कुळागरातल्या ओलाव्यात ॲल्युमिनियम-तांब्याचा पीळ मारलेला सांधा पांढरा पडून सुटत आलेला असतो. सगळे करूनही जमले नाही तर थ्री फेज जोडणी घेऊन थ्री फेज इन्व्हर्टर लावावा. इन्व्हर्टरची वरची मर्यादा विक्रेत्याकडून ‘वाढवून’ घेणे हा उपाय नव्हे, तो दाब मग तुमच्या फ्रिजला बसतो.

घर फोंड्यात साफा मशिदीपासून दीडशे मीटरवर. आणि चोडणच्या मेहुण्याला नदीकाठच्या परसात जमिनीवर पॅनल लावायचे आहेत.

साफा मशीद केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा वास्तूपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. तुम्ही नियंत्रित पट्ट्यात येता. तिथे बांधकामाला, अगदी दुरुस्तीलाही, सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. छपरावरचे पॅनल ‘बांधकाम’ की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा कमाल उंची लिहून आधी लेखी विचारणा करा. जुन्या गोव्यात राहणाऱ्यांनीही हेच करावे.

मेहुण्यांनी परसाचा विचार सोडावा. भरतीच्या पाण्याच्या नदीकाठी १०० मीटर किंवा नदीच्या रुंदीइतका पट्टा, यांतला जो कमी तो, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येतो. तिथे जमिनीत पाया घालून सांगाडा उभा करणे म्हणजे किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज आणि लांबलचक वाट. आहे त्या अधिकृत घराच्या छपरावर बसवणे कितीतरी सोपे.

पर्वरीत फ्लॅट आहे, वरचा मजला. गच्चीवर माझ्यापुरते पॅनल बसवू का?

गच्ची तुमच्या खरेदीखतात तुमच्या हक्काची लिहिलेली असेल तरच. नसेल तर ती सर्वांची. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल आणि त्यात किती चौरस मीटर, किती वर्षे आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी पॅनल काढण्याचा खर्च कुणाचा हे लिहिलेले असावे. बिल्डरने अजून सोसायटीच केली नसेल तर त्याच्या एका सहीच्या भरवशावर लाखभर रुपये घालू नका.

याहून शहाणपणाचे म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांच्या सामाईक जोडणीवर पॅनल बसवणे. सोसायटीला किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे, कमाल ५०० किलोवॅटपर्यंत, घरामागे ३ किलोवॅट या हिशेबाने. सगळ्यांचाच देखभाल खर्च उतरतो म्हटल्यावर ठरावही लवकर होतो.

काणकोणला समुद्रापासून दोन फर्लांगावर मंगलोरी कौलांचे घर. दक्षिणेला माड. पॅनल टिकतील का? माड तोडायला परवानगी लागते का?

माड तोडू नका. तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मध्यंतरी माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळले होते, पण २०१७ मध्ये तो परत आला आणि राज्यवृक्षही झाला.

सावली मोजताना मोसमाचा घोळ होतो. आपण १५ अंश अक्षांशावर, त्यामुळे मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. मे महिन्यात जागा बघायला आलेल्या माणसाला दक्षिणेच्या माडाची सावली दिसतच नाही. डिसेंबरात मात्र १५ मीटर उंच माडाची सावली भर दुपारीही १२ मीटर लांब पडते, सकाळी त्याहून लांब. पाहणी डिसेंबर-जानेवारीत करा किंवा सावलीचे ॲप वापरायला लावा. एका चुडताची सावली एका पॅनलवर पडली तरी एकाला एक जोडलेल्या पॅनलची सगळी माळ मंदावते. अशा जागी प्रत्येक पॅनलला ते वेगळे चालवणारा ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर लावण्याचा खर्च सार्थकी लागतो. नारळ पाडायला पाडेली येईल त्या दिवशी सुकी चुडते आधी उतरवून घ्या आणि पॅनल माडाच्या बुंध्यापासून लांबच्या उताराला ठेवा.

कौलांचे ओझे ही लोकांची चिंता, पण ती चुकीच्या दिशेने. पॅनल आणि पट्ट्या मिळून चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास, खुद्द कौलेच त्याच्या दुपटीहून जड. धोका आहे तो वाऱ्याने उचलले जाण्याचा. आपल्याकडे रचनेसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात. हुक रिपेला नव्हे, वाशाला बसला पाहिजे आणि वासा वाळवीने पोखरलेला नसला पाहिजे. टाचणीने टोचून बघा, टाचणी सहज आत गेली तर आधी वासा बदला. दरवर्षी घर शाकारायला माणसे चढतात, त्यांना पाय ठेवायला पॅनलच्या दोन्ही बाजूंना फूटभर वाट सोडा. घराला न्हाणी किंवा पोर्टिकोचा स्लॅब असेल तर आमचे मत सरळ तिकडे. कौलांना हातच लावू नका.

खाऱ्या हवेसाठी दरपत्रकात चार गोष्टी लिहून घ्या: पॅनल आयईसी ६१७०१ या खाऱ्या धुक्याच्या चाचणीत उतरलेले, सांगाडा ८० मायक्रॉन गरम जस्त बुडवलेला किंवा ॲल्युमिनियमचा, नट-बोल्ट ३१६ स्टेनलेसचे आणि दोन वेगळे धातू जिथे टेकतात तिथे मध्ये वॉशर. जागेवर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगने जस्त जळते, वर चंदेरी रंग फासतात आणि पहिल्याच पावसानंतर तिथून तांबूस ओघळ यायला लागतो. सांगाडा कारखान्यातून भोके पाडून यावा, इथे फक्त बोल्ट आवळायचे.

पावसात वीज दिवसातून चारदा जाते. पॅनल असले तर दिवे चालू राहतील ना?
— साखळी

साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे खात्याच्या तारेला जोडलेल्या बिनबॅटरीच्या, यंत्रावर नाही. खात्याची वीज गेली की इन्व्हर्टरही बंद होतो, मुद्दाम तसाच बनवलेला असतो, नाहीतर बंद समजून हात लावलेल्या तारेत तुमची वीज धावेल. दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. बॅटरीवर सबसिडी नाही. घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तोच पंख्या-दिव्यांना पुरे.

विक्रेता सगळी रक्कम आगाऊ मागतो.
— कुडचडे

देऊ नका. करारावर १० टक्के, सामान घरी उतरल्यावर अनुक्रमांक तपासून ६०, उभारणीनंतर २०, आणि शेवटचे १० नेट मीटर लागून कार्यान्वयनाचा अहवाल पोर्टलवर दिसल्यावर. हे शेवटचे १० टक्के हातात असले की उपविभागात चकरा विक्रेता मारतो, नसले की तुम्ही. कर्ज घेणार असाल तर बँकेलाही पैसे याच टप्प्यांत सोडायला सांगा. सबसिडी विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या खात्यात येते. ‘सबसिडी वजा करून’ दिलेल्या दरपत्रकाखाली ती तुम्ही त्याला द्यायची असा करार आहे का, ते सही करण्याआधी वाचा. आणि ५ वर्षांची देखभाल करारात लिहिलेली असतेच, तिच्यात वर्षातून किती फेऱ्या ते भरून घ्या. एक ऑक्टोबरात, शेवाळ धुवायला. दुसरी मेच्या अखेरीला, बोल्ट आवळायला.